गुंठ्याचे प्लगइन कोण लिहिणार?

ऊसनोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मवर क्षेत्राच्या चौकटीत कुणी १.२५ असे भरले, तर त्याचा अर्थ काय धरायचा? संगणकाच्या लेखी तो सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे. करवीर नाहीतर पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्याच्या मनात बहुधा एक एकर पंचवीस गुंठे असतात, म्हणजे ६५. पंधरा गुंठ्यांचा घोळ, आणि तोही जिथे माणसे आपले रान गुंठ्यातच सांगतात तिथे. वर सातबाऱ्यावर हेक्टर-आर, त्यामुळे हिशेबात तिसरे माप घुसते. हा घोळ फॉर्म भरतानाच मिटवायचा तर त्या चौकटीला थोडी अक्कल द्यावी लागते. अशी अक्कल एकदा लिहून ठेवायची आणि हव्या त्या पानावरच्या हव्या त्या चौकटीला लावायची, याची एक रीत २००६ पासून चालत आली आहे. तिचे नाव जेक्वेरी प्लगइन.

ही रीत आता शिकवावी का, नव्याने लिहावी का, जुनी लिहिलेली सांभाळावी की मोडीत काढावी, हे प्रश्न कोल्हापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयांना आणि संगणकाच्या क्लासना रोज पडतात. त्यांची गिऱ्हाइके म्हणजे पतसंस्था, सेवा सोसायट्या, दूध संस्था, साखर कारखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या. या मंडळींची पाने एकदा तयार झाली की दहा-दहा वर्षे चालतात. माझे मत आधीच सांगतो. जेक्वेरीचा जोर ओसरला आहे, पण ज्या स्थानिक कामांसाठी प्लगइन हवे होते ती कामे बरीचशी तशीच पडून आहेत, आणि बाहेरचे कुणी येऊन ती करणार नाही.

जॉन रेसिग या अमेरिकन प्रोग्रामरने जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी मांडली, १.० आवृत्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर ६ एक बोलायचा आणि फायरफॉक्स दुसरे. एकाच कामासाठी जावास्क्रिप्ट दोनदा लिहावे लागे. जेक्वेरीने मधे बसून ही भांडणे स्वतःकडे घेतली. पानावरचे घटक निवडा आणि त्यांच्यावर काम करा, एवढीच तिची भाषा. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या व्हिज्युअल स्टुडिओसोबत जेक्वेरी देण्याचे जाहीर केले, आणि डॉटनेटवर चालणाऱ्या कार्यालयांतही ती न मागता पोहोचली.

तिच्या यशाचे अर्धे श्रेय मात्र प्लगइनच्या सोयीला द्यायला हवे. घटक निवडल्यावर जी वस्तू हाती येते, तिच्या साऱ्या क्रिया ‘एफएन’ नावाच्या एका सामायिक जागी ठेवलेल्या असतात. तिथे आपण आपली क्रिया ठेवली की ती मूळची असल्यासारखी वागते. परवानगी मागायची नाही, मूळ फाइलला हात लावायचा नाही. शिवाजी उद्यमनगरातला कारागीर परदेशी यंत्राची भोके मोजून त्यावर आपल्या कामापुरता जोडभाग बसवतो, तसाच हा मामला. यंत्राच्या कंपनीला पत्ताही नसतो.

लिहिण्याचे शिष्टाचार ठरलेले आहेत, आणि प्रत्येकामागे कुणाचा तरी मनस्ताप आहे. सगळा मजकूर एका बंद फंक्शनमध्ये घालून डॉलरचे चिन्ह आत घ्यायचे, कारण प्रोटोटाइप नावाचा दुसरा संग्रहही तेच चिन्ह वापरायचा आणि दोघे एका पानावर आले की मारामारी व्हायची. काम झाल्यावर तीच निवड परत द्यायची, म्हणजे पुढच्या क्रियेची साखळी तुटत नाही. एक निवड म्हणजे एकच घटक असे कधीही धरायचे नाही. निवडीत चाळीस चौकटी असू शकतात, प्रत्येकीवर फिरायचे. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही तर काय करायचे, ते मूळ पर्यायांत लिहून ठेवायचे आणि त्याने सांगितलेले त्यावर चढवायचे.

हे चारही नियम एका तासात शिकवून होतात. खरी परीक्षा पुढे आहे. गुंठ्याच्या चौकटीचेच घ्या. पर्याय कोणते द्यायचे? आत येणारा आकडा एकर-गुंठे आहे की हेक्टर-आर, हे वापरणाऱ्याने सांगायला हवे. प्लगइनने अंदाज बांधायचा नाही. टिंबानंतरचा आकडा दशांश समजायचा की गुंठे? गुंठे समजत असू आणि कुणी १.४५ टाकले, तर ४० गुंठ्यांचा एकर होतो म्हणून एक एकर पंचेचाळीस गुंठे नाकारायचे, की दोन एकर पाच गुंठे करून घ्यायचे? मी नाकारण्याच्या बाजूचा आहे. जमिनीचा आकडा यंत्राने परस्पर दुरुस्त करू नये. त्याहून बरे म्हणजे टिंबाची भानगडच नको. एकराची एक आणि गुंठ्यांची एक अशा दोन चौकटी द्याव्यात. साठवताना सगळे चौरस मीटरमध्ये साठवावे: एक गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दाखवताना मात्र ज्याला जसे हवे तसे. आणि शेवटची गोष्ट, जी बहुतेक नवशिके विसरतात: प्लगइन काढून टाकता आले पाहिजे. लावलेले कान (इव्हेंट लिसनर) काढा, घातलेले घटक उचला, चौकट होती तशी परत द्या. क्लासमध्ये फोटो सरकवण्याचे प्लगइन करवून घेतात, त्यात हे काहीच येत नाही. दिसायला छान दिसते, एवढेच.

मराठीपुरता या विषयाचा सर्वांत भरघोस अध्याय टंकलेखनाचा आहे. तो जेक्वेरीशिवायच सुरू झाला. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने मराठी उमटवून दिले, आणि मिसळपावसारख्या मराठी संकेतस्थळांवर वेगळा फाँट किंवा सॉफ्टवेअर न बसवता लोक लिहू लागले. एका माणसाने पदरमोड करून केलेले असे काम किती लेखनाला वाट देते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. दुसरीकडे अनेक पाने गूगलच्या लिप्यंतर सेवेवर विसंबली होती. मे २०११ मध्ये गूगलने ती सेवा बाद होणार असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची सेवा आणि आपल्या हातात असलेली फाइल, यांतला फरक त्या वेळी अनेकांना नीट कळला.

यानंतर विकिमीडियाचे काम येते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर लिहिण्यासाठी आधी ‘नारायम’ नावाची जोडणी होती, जुनैद या मल्याळी विकिपीडियाकाराने सुरू केलेली. पुढे विकिमीडियाच्या भाषा अभियांत्रिकी चमूने, ज्यात संतोष तोट्टिंगल यांचा मोठा वाटा होता, तिचा गाभा विकीपासून सोडवून स्वतंत्र जेक्वेरी प्लगइन केले: जेक्वेरी आयएमई. २०१३ मध्ये भाषा निवडण्याच्या नव्या सोयीबरोबर ते विकिपीडियांवर पोहोचले. परवाना खुला असल्यामुळे ते कुणालाही आपल्या पानावर लावता येते. मराठीसाठी त्यात अक्षरांतरणही आहे आणि इनस्क्रिप्ट कळफलकही.

त्याची घडण मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण चांगले प्लगइन कसे असते ते तिथे दिसते. कळ दाबली की कर्सरच्या मागची मोजकी अक्षरे घेतली जातात आणि नियमांच्या यादीशी ताडली जातात. ‘के’ची कळ दाबली की पाय मोडलेला क्, लगेच ‘ए’ दाबली की हलन्त गळून क. यंत्रणा सगळ्या भाषांना एकच. भाषेचे नियम मात्र वेगळ्या फाइलमध्ये, आणि पानाला लागेल तीच फाइल उतरते. त्यामुळे ज्याला जावास्क्रिप्ट जेमतेम येते, पण मराठी पक्के येते, असा माणूसही नियम सुधारू शकतो. हिंदीचे नियम उचलून मराठीवर चालवले की काय होते, हे आपण खूप सोसले आहे. ळ मिळत नाही किंवा कुठल्या तरी कोपऱ्यात सापडतो. ‘ॲप’मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे त्याआधीच्या तक्त्यांत तो असण्याचे कारणच नाही. आणि ‘शेतकऱ्या’चा अर्धा र: तो नीट न उमटल्यामुळे सरकारी पानांवरसुद्धा ‘शेतकर्या’ असे वाचून डोळे दुखतात. हे काम बाहेरचा माणूस करू शकत नाही असे नाही. त्याला ते खुपत नाही, इतकेच.

आता फोनवर आणि विंडोजवर मराठी कळफलक मूळचाच मिळतो. तेव्हा टंकलेखनाच्या प्लगइनची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. छापखान्यातून आलेला जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला की होणारा कचरा युनिकोडमध्ये वळवणे, हे काम अजून अधूनमधून लागते.

अक्षरे मोजण्याचा प्रश्न कमी चर्चिला गेला आणि जास्त त्रास देतो. फॉर्मवर नाव, पत्ता यांना लांबीची मर्यादा असते. ‘लक्ष्मी’ ही माणसाच्या दृष्टीने दोन अक्षरे, ब्राउझरच्या हिशेबी सात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी. ‘अंबाबाई’सुद्धा सातच, पण आपण मोजतो चार. उरलेली अक्षरे दाखवणारी तयार प्लगइन इंग्रजीसाठी लिहिलेली, ती मराठी माणसाला अर्ध्या नावावर थांबवतात. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत घातला, आणि अक्षरे पाडून देणारे अंगचे साधन फायरफॉक्समध्ये २०२४ ला आल्यावर सर्व प्रमुख ब्राउझरांत मिळाले. मात्र पतसंस्थेला सभासदांना मराठीत एसएमएस पाठवायचा असेल, तर उलटा हिशेब लागतो. तिथे एका संदेशात १६० ऐवजी ७० चिन्हेच बसतात आणि हलन्तासकट प्रत्येकाचे भाडे पडते. म्हणजे आपल्या मोजणाऱ्या प्लगइनला दोन्ही मापे यायला हवीत, आणि कोणते कुठे वापरायचे हा पर्याय उघड असायला हवा.

लाख-कोटींचे स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे यांसाठी एकेकाळी कार्यालयागणिक स्वतंत्र फंक्शन होते. आता त्याची गरज नाही. ब्राउझरला मराठी-भारत असे सांगितले की तो १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीने लिहून देतो. या कामाचे नवे प्लगइन कुणी लिहीत असेल तर त्याला थांबवा.

अक्षरी रकमेला मात्र पळवाट नाही. पावतीवर ‘अक्षरी रुपये’ लिहायचेच असते, आणि ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये आकडा शब्दांत लिहून देणारी तयार सोय नाही. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे एवढ्या भांडवलावर शंभरपर्यंत जाता येते. मराठीत बेचाळीस हे चाळीस आणि दोन जोडून होत नाही, एकोणऐंशीला पुढच्या दशकाकडे पाहावे लागते. शंभर शब्दांचा तक्ता हाताने लिहावा लागतो. ४२,७९९ म्हणजे बेचाळीस हजार सातशे नव्व्याण्णव, हे सूत्राने निघत नाही. तक्त्याचे शुद्धलेखन मराठीच्या शिक्षकाकडून एकदा तपासून घेतले की झाले. बोलताना आपण दीड लाख, अडीच हजार म्हणतो, पण पावतीवर तसे नको. तिथे एक लाख पन्नास हजारच हवे. किती कार्यालयांनी हा तक्ता पुन्हा पुन्हा टंकला असेल आणि किती ठिकाणी त्यात एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची अदलाबदल झाली असेल, याचा विचार केला की वाईट वाटते.

आता काळी बाजू. प्लगइन लिहिणे सोपे, त्यामुळे कुणीही लिहिले, आणि लिहून निघून गेले. जेक्वेरीच्या अधिकृत प्लगइन-संग्रहालयाचेच पाहा. रद्दी जाहिरातींनी ते बुजले होते; २०११ च्या अखेरीस साफसफाई करताना खरा माल गेला आणि हाती फक्त जुनी प्रत उरली. नवे संग्रहालय २०१३ मध्ये उघडले, पण तेही पुढे नव्या नोंदींना बंद झाले. त्याच २०१३ च्या जानेवारीत जेक्वेरीच्या १.९ आवृत्तीने ब्राउझर ओळखण्याची जुनी सोय आणि ‘लाइव्ह’ ही क्रिया काढून टाकली, आणि त्यांवर उभी असलेली असंख्य प्लगइन एका दिवसात आडवी झाली. जुन्यांना आधार म्हणून ‘मायग्रेट’ नावाची फाइल दिली गेली. तात्पुरती म्हणून दिलेली ही काठी लोकांनी सात वर्षे टेकली. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसने ५.५ आवृत्तीत ती काढून घेतली, तेव्हा कितीतरी पानांवरचे मेनू आणि सरकते फोटो बंद पडले. हे ऐकून कुणी ‘आमचे अजून चालते’ म्हणत असेल, तर त्याने जेक्वेरीच्या चौथ्या आवृत्तीकडे पाहावे. तिची चाचणी प्रत फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात ‘ट्रिम’, ‘इजअ‍ॅरे’ यांसारख्या, जुन्या प्लगइनमध्ये पावलोपावली दिसणाऱ्या मदतनीस क्रियाही नाहीत.

सुरक्षेचे उदाहरण आणखी बोलके आहे. ब्लूइम्प या नावाने ओळखले जाणारे फाइल चढवण्याचे प्लगइन अतिशय लोकप्रिय होते, हजारो ठिकाणी त्याच्या सुधारित प्रती होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये लॅरी कॅशडॉलर या संशोधकाने दाखवले, की त्याच्यासोबतच्या सर्व्हरवरच्या नमुना फाइलमधून कुणीही घातक फाइल चढवून चालवू शकतो. दोष कुठे होता? चढवलेल्या फाइली चालू नयेत यासाठी लेखकाने अपाचे सर्व्हरच्या एका सेटिंगवर भरवसा ठेवला होता, आणि अपाचेने ते सेटिंग २०१० मध्येच मुळात बंद करून ठेवले होते. आठ वर्षे दार उघडे. मूळ लेखकाने तातडीने दुरुस्ती केली. प्रतींचे काय झाले हे ज्याचे त्याने पाहायचे. याहून साधी चूक रोज होते. वापरणाऱ्याने भरलेले नाव मजकूर म्हणून न दाखवता एचटीएमएल म्हणून पानात ओतायचे. नावाच्या जागी कुणी स्क्रिप्ट लिहिली की ती चालते. कर्जअर्जाच्या फॉर्मवर ही चूक असेल, तर त्या कार्यालयाने उद्या नाही, आज ती शोधावी.

मग जेक्वेरी सोडायची का? गिटहबने २०१८ मध्ये आपल्या पानांवरून ती काढली. बूटस्ट्रॅपने २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत तिची गरज संपवली. घटक निवडणे, सर्व्हरशी बोलणे, वर्ग लावणे-काढणे हे सगळे ब्राउझर आता स्वतः करतात, आणि आपला स्वतःचा घटक घडवायची सोय २०२० पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. नवे पान करणाऱ्याने जेक्वेरी घेऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन. पण चालू असलेली जुनी प्रणाली केवळ फॅशन म्हणून पुन्हा लिहू नये. पतसंस्थेच्या संचालकांना त्यासाठी पैसे मागण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तीच रक्कम आवृत्ती वाढवायला आणि बेवारस प्लगइन बदलायला लावावी.

जेक्वेरी ठेवणारे आणि सोडणारे, या दोन्ही पक्षांना जोडणारी वाट मायक्रोसॉफ्टच्या एका प्रकल्पाने दाखवली आहे. २०१० मध्ये त्या कंपनीने जेक्वेरीला तीन प्लगइन दिली: साच्यांचे, माहिती जोडण्याचे आणि देशोदेशीच्या तारखा-आकड्यांचे. पहिली दोन लवकरच मागे पडली. तिसऱ्याने पुढे जेक्वेरीचा आधार सोडला आणि ‘ग्लोबलाइझ’ या नावाने ते टिकले. कारण त्यातली खरी किंमत तारखा आणि आकड्यांच्या ज्ञानात होती, डॉलरच्या चिन्हात नव्हती. म्हणून गुंठ्याचा, अक्षरी रकमेचा, अक्षरमोजणीचा गाभा साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहावा, पानाशी त्याचा काही संबंध ठेवू नये. त्यावर जेक्वेरीचे पातळ वेष्टण घालावे, दहा-पंधरा ओळींचे. उद्या वेष्टण बदलले तरी गाभ्याला धक्का नाही, आणि गाभा ब्राउझर न उघडताही तपासता येतो.

आपल्याच भागात हा धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आहे. वारणानगरला १९९८ मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे, त्यावर शेतीपासून शिक्षणापर्यंत सर्व माहिती, अशी कल्पना. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवे होते ते आपल्या उसाचे वजन, तोडणीची चिठ्ठी आणि हिशेब. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला, आणि तेच काम कमी खर्चात झाले. २००७ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. संगणक गेला, मोबाइल आला. उसाच्या वजनाची चौकशी तीच राहिली.

कोल्हापुरात हे करायला माणसे नाहीत असे कुणी म्हणू नये. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, केआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून, आणि दरवर्षी संगणक शाखेची मुले बाहेर पडून पुण्याची गाडी धरतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांना ग्रंथालय व्यवस्थापन नाहीतर हजेरीपट असेच विषय मिळत राहतात. त्यांच्या मार्गदर्शकांना एक सुचवणे आहे. एका गटाला गुंठा-आर द्या, एकाला अक्षरी रक्कम, एकाला अक्षरमोजणी, एकाला दूध संस्थेचा फॅट-एसएनएफचा दरतक्ता. गाभा वेगळा ठेवायला लावा, प्रत्येक नियमामागे तपासणीचे उदाहरण मागा, मराठीत सूचनापत्र लिहून घ्या. आणि ज्या कार्यालयांकडे अशा फाइली आधीच पडून आहेत, त्यांनी गिऱ्हाइकाची नावे काढून, वर एमआयटी परवाना लावून त्या खुल्या कराव्यात. अक्षरी रकमेच्या तक्त्यात धंद्याचे कसलेही गुपित नसते.